चार खात्यांची एक गाडी

या, जरा पुढे सरका. दारातले, तुम्हीही आत या, जागा होते. गोष्ट सांगते, मोठी नाही, आजच्याच सकाळची आहे, पण मनात रुतून बसलेली आहे. ऐका तर.

काटा हलत होता. झोळीत मूल नव्हतं, पंख्याचा वारा तेवढा होता, तरी वजनकाट्याची ती बारीक लाल सुई शून्याच्या अलीकडे-पलीकडे करत होती, आणि नर्स तिच्याकडे बघत उभी होती... बोटाने थांबवावी का? पण हात काढला की पुन्हा आपली सुरू. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी ती हा काटा टांगते, खाली झोळी अडकवते आणि लांब टेबलाशी येऊन बसते. दहा वाजले होते. गेले दोन मंगळवार काजवाली फिरकली नव्हती. ती घरी बसून कारखान्याच्या सदऱ्यांना काजं करते, म्हणून सगळे तिला काजवाली म्हणतात. पदरात दोन लेकरं, एक नऊ वर्षांची मुलगी आणि एक तान्हं. त्या तान्ह्याचं वजन आधीच्या दोन खेपांना वाढायचं सोडून घटलं होतं. आणि नियम असा, की घटत्या वजनाचं मूल लागोपाठ तीन खेपा चुकलं, तर एक वाजता कागद वरच्या कार्यालयात जातो. मग तिथून अनोळखी माणसं येतात, दार वाजवतात, आणि मूल आईजवळ राहू द्यायचं की नाही ते ठरवतात. म्हणजे तीन तास होते.

"येईल हो," मुख्याध्यापिका म्हणाल्या, पण त्या दाराकडे न बघता म्हणाल्या.

येईल. यायलाच हवी — कारण हे टेबल... नर्सने टेबलाच्या कडेवरून तळहात फिरवला. हे टेबल तिचं होतं. लाकूड वाचनालयाचं, पण टेबल तिचं. लहानपणी आईचं बोट धरून ती खिडक्यांपुढे उभी राहिली होती. दवाखान्याच्या खिडकीत आई सगळं सांगे, नवरा कसा गेला, छत कसं गळतं, थोरल्याला ताप कधीपासून. शाळेच्या खिडकीत तिने नवरा गाळला. घरखात्याच्या खिडकीत तापही गाळला. चौथ्या खिडकीत आईने नुसता कागद पुढे केला आणि मान खाली घातली, तर आतला माणूस म्हणाला, "बोला की बाई, तोंड नाही का?" — होतं हो तोंड, झिजलं होतं. ती गोष्ट प्रत्येक खिडकीपाशी आखूड होत गेली, आणि मी — हो, ती नर्स मीच — सहा वर्षांची, मनात म्हणत होते, सांग ना, छताचं राहिलं, सांग ना...

म्हणून हे टेबल. एकदा सांगा, चौघे ऐकतील. दवाखान्याची ती स्वतः, शाळेच्या मुख्याध्यापिका, घरखात्याचे शिक्केसाहेब, आणि खोली देणारे, चहा करणारे, आयांना अर्ज लिहून देणारे ग्रंथपाल काका. चौघांना एका जागी बसवायला तिला दोन वर्षं लागली. शिक्केसाहेब तर पहिल्या दिवशी खुर्चीच्या टोकावर बसले होते, उठून जायच्या बेताने. "माझ्या खात्याचा मुलांच्या खोकल्याशी काय संबंध, ताई?" आणि मग ती तीन भावंडं आली, बाटल्यांमागून बाटल्या संपल्या तरी खोकणारी, आईने बोलता बोलता सांगितलं, की पोरं भिंतीकडे तोंड करून झोपतात आणि सकाळी त्यांची पांघरुणं ओली असतात. शिक्केसाहेबांनी मान वर केली. आठ दिवसांत भिंत खरवडली गेली, गळका नळ बदलला गेला. महिन्याभरात मुख्याध्यापिकांनी सांगितलं, तिघांची हजेरी पुरी आहे, वर्गात कोणी खोकत नाही. "म्हणजे औषध माझ्या कपाटात होतं म्हणा की," शिक्केसाहेब म्हणाले होते, आणि चष्मा पुसायला इतका वेळ लावला होता, की काकांनी विचारलं, "काच विरघळवताय का?" त्या दिवसापासून सर्वांत आधी तेच येतात. परमेश्वरा, त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात गात होते. मोठ्याने. लोक बघत होते, बघू दे.

साडेअकरा. एक आजी नातवाला घेऊन आली, सांगून गेली. एक बाप आला. नर्स ऐकत होती, लिहीत होती, पण कान जिन्याशी होते.

आणि मनात ती गाडी. ती गाडी काही जात नव्हती... काटकसर म्हणून ठरलं होतं. चार खात्यांनी चार गाड्या कशाला, गुरुवारी एकच घेऊ. केवढे खूश झाले होते सगळे! काजवालीने टेबलाशी येऊन जेमतेम चार वाक्यं सांगितली होती, आणि चौघांनीही एकदमच म्हटलं, मी जाते, मी जातो. नर्सला वजन करायचं होतं, मुख्याध्यापिकांना मुलीसाठी बूट द्यायचे होते, शिक्केसाहेबांना खोली मोजायची होती, काकांना गोष्टीची पुस्तकं... गुरुवारी दुपारी सरकारी गाडी त्या अरुंद गल्लीत शिरली, वळेना म्हणून ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, आणि तिच्या दारासमोर एकामागून एक ड्रायव्हर धरून पाच माणसं उतरली — काटा, बूट, टेप, पुस्तकं हातात घेऊन. खिडक्या उघडल्या. वरून कोणीतरी विचारलं, "काय गं, काय केलंस?"

काजवाली दारात उभी होती. बोटांत सुई, सुईला दोरा, दोऱ्याला अर्धं काज. तिने पाचही जणांकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि अगदी हळू म्हणाली, "एवढी माणसं तर माझ्या लग्नालाही नव्हती." कोणीतरी हसलं. मीच हसले असेन. मग ती म्हणाली, "बसायला जागा नाही," आणि दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं... निघताना काकांनी पुस्तकं तेवढी उंबऱ्यावर ठेवली.

"मुलगी शाळेत येते," मुख्याध्यापिका कागद चाळत म्हणाल्या, "पण दुपारी पंगतीला बसत नाही. घरून जेवून आलेय म्हणते. सकाळी सातला तर निघते, तेव्हा कोण जेवतं हो?"

"मानी आहे," काका म्हणाले.

"पोर?" शिक्केसाहेबांनी विचारलं.

"पोर आईवर गेलीय."

बारा चाळीस. शिक्केसाहेबांनी खणातून तो वरच्या कार्यालयाचा कागद काढला, टेबलावर ठेवला आणि वर हात ठेवला, जणू तो उडून जाईल. नर्सला वाटलं, आपल्याला भीती वाटतेय. पण नीट पाहिलं तर तो राग होता. त्या बाईचा राग. एवढं केलं, एवढी माणसं जमवली, दोन वर्षं उंबरे झिजवले, आणि ही एका दारासाठी... आमच्या टेबलाचा पहिला कागद वर जाणार, लोक म्हणणार, काय उपयोग झाला चौघे बसून?... आणि तिथे तिचं मन थबकलं. आमच्या टेबलाचा. आपण आत्ता बाळाचा विचार करत नव्हतो. खोटं कशाला बोलू, तुमच्यापासून काय लपवायचं? माझा जीव टेबलात अडकला होता.

मग आई आठवली, चौथ्या खिडकीपुढची. एवढी वर्षं तिला वाटत आलं होतं, की आई तिथे हरली. पण ती मान खाली घालून गप्प राहिलेली आई... हरलेलं माणूस रडून सगळं ओततं. आईने उरलेलं स्वतःजवळ ठेवलं होतं. कोणाला द्यायचं ते तीच ठरवणार होती. आणि ते हळू लावलेलं दार —

पावलं वाजली. एकाच माणसाची. काजवाली दारात उभी होती, खांद्यावर सदऱ्यांचं गाठोडं, कडेवर कोणी नाही.

"बाळ?" नर्स उभी राहिली.

"झोपलंय. शेजारणीकडे दिलंय. त्या दिवशी खिडकीतून डोळे फाडून बघत होती ना, म्हटलं बघायचंच आहे तर हे बघत बस." तिने गाठोड्यातून चार पुस्तकं काढली आणि काकांपुढे ठेवली. "वाचून झाली. आणली होती म्हणून ठेवून घ्यायची नसतात. दुसरी द्या, पण वहीत लिहून द्या."

काका गडबडीने वही शोधायला लागले. ती समोरच होती.

"चुकलं आमचं," नर्स म्हणाली. वाक्य पाठ केलेलं नव्हतं, म्हणून तेवढंच निघालं. "तसं यायला नको होतं."

काजवालीने टेबलासमोरच्या एकट्या खुर्चीकडे पाहिलं. मग ती खुर्ची तिने उचलली, वळसा घालून पलीकडे आणली आणि शिक्केसाहेब व मुख्याध्यापिका यांच्या मधल्या जागेत ठेवली. दोघांना सरकावं लागलं.

"समोर बसलं की परीक्षेला बसल्यासारखं होतं," ती म्हणाली. "आता विचारा. नको, मीच सांगते. डब्याचं दूध पातळ करत होते. पुरवायला. दोन चमच्यांच्या जागी एक. ते सगळ्यांसमोर, दारात, गाडीपुढे सांगू होय? आता लिहा."

मुख्याध्यापिकांनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"आणि हे पण लिहा. घरी एकानेच यायचं. पायी. मी सांगेन त्या दिवशी. पोरीचे बूट घरी आणायचे नाहीत, शाळेत सगळ्यांना देता तसे तिलाही द्यायचे."

"लिहितो," शिक्केसाहेब म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल, कोणी सांगेल ते शब्दशः लिहू लागले. चारही खात्यांना चार प्रती. नर्सने कपाटातून दुधाचे दोन डबे काढले, चमच्याचं माप नीट दाखवलं. काजवालीने ते सदऱ्यांच्या घडीत सरकवले.

"उद्या सकाळी या," ती नर्सला म्हणाली. "एकट्या. वजन घरीच करा."

तिला जाऊन मिनिट झालं असेल, एक वाजला. बाळ आलं नव्हतं. शिक्केसाहेबांनी कागद पुढे सरकवला. "एक दिवस थांबवता येतो. पण खाली कोणीतरी सही करायची. उद्यापर्यंत बाळाला काही झालं, तर —"

"माहीत आहे," नर्स म्हणाली, आणि सही केली. बाजूला मुख्याध्यापिकांनीही केली, जागा नसताना, समासात. मग काकांनी, मग शिक्केसाहेबांनी स्वतः. नियमात एकच सही हवी होती.

खिडकीशी उभं राहून तिने खाली पाहिलं. गाठोडं चढणीने वर चाललं होतं, ताठ पाठीवर, कुठेही न थांबता. बरोबर केलं का? ती एक चमचाच घालेल का दोन... उद्या सकाळपर्यंत तिला कळणार नव्हतं, आणि ती भीती छातीत तशीच होती, जराही कमी झाली नव्हती. पण तिच्या शेजारी दुसरंही काही येऊन बसलं होतं. ऊर भरून आला होता. कोणाचा हा अभिमान? टेबलाचा नव्हे, तिचा स्वतःचा तर नव्हेच. खालच्या रस्त्यावरून चाललेल्या त्या बाईचा, आणि तो नर्सच्या अंगात येऊन राहिला होता, जसा एखाद्याच्या आवाजातला सूर ऐकणाऱ्याच्या गळ्यात उतरतो... ती हलली नाही. बाई वळणाआड गेली तरी हलली नाही.

तुम्ही आता उठाल, आपापल्या घरी जाल. कोणी देवापुढे हात जोडेल, कोणी नुसतेच डोळे मिटेल. त्या वेळी त्या काजवालीला आठवा. दुसरं काही मागत नाही. ती आत्ता दूध कालवत असेल.