एका विमानाचे दोन रिमोट

राष्ट्रीय मॉडेल विमान केंद्र चालवायचं म्हणजे दिवसभर आकाशाकडे बघत बसायचं, असा तिच्या नातेवाइकांचा पक्का समज होता. प्रत्यक्षात संचालक झाल्यापासून तिची मान बहुतेक वेळ खालीच असायची. गवत कुठे माजलंय, धावपट्टीच्या डांबराला कुठे भेग पडलीय, वसतिगृहातल्या कुठल्या न्हाणीघरात पाणी तुंबलंय. देशभरातून येणारे हौशी लोक आपापली विमानं गाडीतून तान्ह्या बाळासारखी उतरवायचे, दिवसभर उडवायचे आणि संध्याकाळी मोडलेले पंख गोळा करून हसत घरी जायचे. ती मात्र ऑफिसात बसून इंजिनांच्या आवाजाला वैतागलेल्या शेजाऱ्यांची समजूत काढत असायची. स्वतः विमान शेवटचं कधी उडवलं होतं, तेही तिला आठवत नव्हतं.

तिला शिकवलं होतं बाबांनी. बाबांचा जन्म पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढण्यात गेला, पण केंद्रावर सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. गंमत अशी की हे कॅप्टन खऱ्या विमानात जन्मात बसले नव्हते. "ज्याचा रिमोट माझ्या हातात नाही, त्यात मी कशाला बसू?" असं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायचे. वापरातून गेलेला हा जुना विमानतळ छंदवाल्यांना मिळावा म्हणून त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. मित्र एकेक करून गेले, बाबा उरले. धावपट्टीच्या कडेला खांबाजवळची पहिली जागा त्यांची. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण तिथे दुसरं कुणी उभं राहत नसे.

त्या रविवारी बाबांचं मोठं पेट्रोलचं विमान आकाशात दोन सुरेख गिरक्या घेऊन वळलं आणि वळतच राहिलं. मैदानावर लक्ष ठेवणारे मास्तर, पूर्वीचे शाळेतले खेळाचे शिक्षक, गळ्यातली शिट्टी जीव खाऊन फुंकत कँटीनकडे धावले. तिथे छपराखाली चहा घेत बसलेली माणसं कशीबशी बाजूला झाली. विमान छपराच्या कापडात घुसलं, फाडून खाली आलं आणि एका टेबलावर आपटलं. त्याच टेबलाशी क्षणापूर्वी एक आई आपल्या लेकराला दूध पाजत होती. ती उठून चार पावलं गेली होती, एवढंच. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

"रिमोटनं ऐकलं नाही," बाबा म्हणाले. "मी डावीकडे दाबत होतो, ते उजवीकडेच जात होतं."

संध्याकाळी मैदान रिकामं झाल्यावर मास्तर तिच्या ऑफिसात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"मॅडम, राग नका मानू. कॅप्टनना दिसतं का हो?"

"चष्मा आहे की त्यांना."

"चष्मा माझ्या आजोबांनाही होता," मास्तर म्हणाले आणि दार ओढून निघून गेले.

तिनं मोडकं विमान वर्कशॉपमध्ये तपासणीला पाठवलं. मनातून तिला हायसंच वाटलं होतं. रिमोट ठीक आहे असं निघालं, तर चूक बाबांची ठरेल आणि नियमच काय ते बोलेल. आपल्याला बोलावं लागणार नाही. कारण मास्तरांनी विचारलं ते तिला ठाऊक नव्हतं असं नाही. बाबा चहा ओतायचे तेव्हा कपाच्या काठाला बोट लावून ओतायचे. जिन्याची शेवटची पायरी पायानं चाचपायचे. बोलताना तिच्या तोंडाकडे न बघता कानाकडे बघायचे. सकाळचा पेपर आई मोठ्यानं वाचायची, म्हणे तिला तशी आवड लागलीय. हे सगळं ती वर्षभर बघत होती आणि बघून न बघितल्यासारखं करत होती.

आणि वर्कशॉपच्या बाईंनी वेगळंच काढलं. त्यांनी विमानाचं पोट उघडून तिला दाखवलं. आतल्या बॅटरीची एक तार इंजिनाच्या हादऱ्यांनी जोडापाशी तुटली होती. "यात कॅप्टनचा काही दोष नाही," बाई म्हणाल्या. "ही तार तुटल्यावर कुणाच्याही हातात काही राहत नाही."

बाबांची मान अशी काही ताठ झाली की विचारू नका. केंद्राचे अध्यक्ष पेशानं दातांचे डॉक्टर होते आणि कुणाच्या दुखऱ्या जागी हात लावणं त्यांना फक्त दवाखान्यातच जमत असे. त्यांनी सगळ्यांसमोर बाबांचा हात हातात घेतला. "प्रकरण मिटलं! राष्ट्रीय मेळाव्याचं पहिलं उड्डाण नेहमीसारखं कॅप्टनचंच!" टाळ्या पडल्या. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण बोललेही नाहीत.

तिनं मात्र वाजवल्या. रात्री ती जेवण अर्धवट टाकून उठली. तिचं आणि आईबाबांचं घर भिंतीला भिंत लावून होतं; मधल्या दारातून ती आईकडे गेली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, बाबांना किती दिसतं?"

आईचे हात थांबले नाहीत. "मला नको विचारूस. सांगितलं तर मी चुगली केली, आणि नाही सांगितलं तर मी लपवलं. तू संचालक आहेस ना? मग तूच बघ."

सोमवारी केंद्र बंद असतं. तिनं बाबांना मैदानावर बोलावलं. शिकाऊ लोकांसाठी ठेवलेलं एक छोटं, बॅटरीवर चालणारं विमान घेतलं आणि वर सोडलं. बोटं आधी अडखळली, मग सरावली. बाबा शेजारी हाताची घडी घालून उभे.

"कशाला बोलावलंस? विमान उडवायचं विसरलीस का, ते बघायला?"

"बाबा, आत्ता ते आपल्याकडे येतंय की लांब जातंय?"

बाबांनी मान जराशी तिरकी केली. वारा गवतातून सळसळत होता. विमानाचा आवाज असा नव्हताच.

"येतंय," ते म्हणाले.

विमान लांब जात होतं, पार कुंपणाच्या टोकापर्यंत. तिनं ते वळवलं, आणलं, उतरवलं. चाकं डांबराला लागल्याचा आवाज फार उशिरा आला, तेव्हा बाबांना कळलं, की ते आता जमिनीवर आहे आणि आपण चुकलो.

दोघं बाकावर बसली. बाबा बोलले, पण असं, जणू कुणा तिसऱ्याबद्दल सांगताहेत.

"मधोमध धुकं असतं. कडेकडेनं दिसतं. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर त्याच्या कानाकडे बघावं लागतं."

"मग उडवता कसं?"

"आवाजावर." त्यांच्या स्वरात एकदम जुना जोर आला. "इंजिन खाली तोंड करून आलं की त्याचा सूर चढतो. वर जाताना दमतं. माझ्याकडे येताना वेगळं बोलतं, जाताना वेगळं. वळण किती घ्यायचं ते बोटांना पाठ आहे. आणि उतरताना तो भडक नारिंगी पंख कडेनं दिसतो की."

ती बघत राहिली. केंद्राच्या गेल्या तीन बैठकांत बाबा बॅटरीवरच्या विमानांविरुद्ध हमरीतुमरीवर येत होते. मुकी विमानं, निर्जीव खेळणी, असं काय काय म्हणत होते. सगळ्यांना वाटलं म्हातारा हट्टाला पेटलाय. तिनंही तसंच धरलं होतं, घरी येऊन त्यावर हसलीसुद्धा होती.

"बॅटरीची विमानं तुम्हाला ऐकू येत नाहीत," ती म्हणाली.

"शेजारी एखादं उडत असलं तर मला कळतच नाही. मग भीती वाटते."

भीती हा शब्द बाबांच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकला. तिला त्यांचा हात धरावासा वाटला. पण हात धरला तर पुढचं बोलता येणार नाही, म्हणून तिनं स्वतःचे हात मांडीवरच ठेवले.

"बाबा, आता एकट्यानं उडवायचं नाही."

"वर्कशॉपचा निकाल माझ्या बाजूनं लागलाय."

"त्या दिवशी तार तुटली. ज्या दिवशी तार तुटणार नाही आणि कुणाचं तरी मुकं विमान मधे येईल, त्या दिवसाचं काय? ते टेबल आठवा."

"अध्यक्षांनी सगळ्यांसमोर सांगितलंय!"

"अध्यक्षांना माहीत नाही. मला आहे."

बाबा उठले. "हे मैदान आम्ही मिळवलं तेव्हा तू चड्डीत फिरत होतीस," ते म्हणाले. "आणि आज मला तू बाहेर काढतेस. परक्यानं काढलं असतं तर एक वेळ चाललं असतं." फाटकापर्यंत ते ताठ चालत गेले. वाट पाठ होती. तिनं मागून हाक मारली नाही.

मेळाव्याचं पहिलं उड्डाण दुसऱ्याच कुणी केलं. अध्यक्ष तिच्याशी दोन दिवस फक्त कामापुरतं बोलले. खुलासा करायचा तर बाबांचे डोळे चव्हाट्यावर मांडावे लागले असते. ते तिनं केलं नाही. "सुरक्षेचा निर्णय आहे, माझा आहे," एवढंच म्हणाली. पाठीमागे कुजबुज झाली, की पोरीला खुर्ची चढली, सख्ख्या बापालाही सोडलं नाही. मास्तर मात्र येऊन तिच्या टेबलावर गरम चहाचा पेला ठेवून गेले. खांबाजवळची जागा मेळावाभर रिकामी राहिली. तिला सारखं तिकडेच बघावंसं वाटायचं आणि ती मुद्दाम कँटीनच्या नव्या छपराकडे बघायची.

घरी वेगळाच तमाशा. "तू त्यांना तिथून काढलंस आणि माझ्या डोक्यावर आणून बसवलंस," आई करवादली. "काल माझे सगळे डबे, बरण्या उंचीप्रमाणे लावून ठेवल्या. आता मलाच काही सापडत नाही." बाबा तिच्याशी बोलत नव्हते. तिनं आणलेली फळं खायचे, पण आईनं आणली असं समजून.

एक मात्र झालं. इतके दिवस आई कानी-कपाळी ओरडूनही जे डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले नव्हते, ते बाबा आपण होऊन गेले. डॉक्टर विमान बंद करायला सांगतील, हीच त्यांना धास्ती होती. आता बंद व्हायचं ते झालंच होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, पण आणखी आधी आला असतात तर बरं झालं असतं. आता उरलेलं तरी सांभाळू. घरी परतताना बाबा आईला म्हणाले, "पोरीला सांगू नकोस." आईनं मधल्या दारात पाय ठेवायच्या आधीच सांगून टाकलं.

थंडी सरता सरता एका सोमवारी ती ऑफिसात गवत कापायच्या यंत्राशी झटापट करत होती, तेव्हा दारात बाबा उभे. रिक्षानं एकटेच आले होते. काखेत ते जुनं विमान, नवा पंख लावलेलं. पंख आईला हाताशी घेऊन जोडला होता हे उघड होतं, कारण जोडावर डिंक सांडला होता आणि बाबांनी आयुष्यात कधी डिंक सांडला नव्हता.

"शिकाऊ लोकांना दोन रिमोट देता ना तुम्ही?" त्यांनी तिच्या कानाकडे बघत विचारलं. "एक त्याच्या हातात, एक शिकवणाऱ्याच्या. चुकलं की शिकवणारा विमान आपल्याकडे घेतो."

"देतो."

"मग मला शिकाऊ समज."

"मास्तरांना विचारू? ते आनंदानं उभे राहतील."

"नको गं. कानाशी शिट्टी मारेल." मग म्हणाले, "तुला वेळ असला तर तू."

वेळ नव्हता. यंत्राचा पट्टा तसाच टाकून ती उठली.

मोकळ्या मैदानावर इंजिन धडाडलं. बाबांचे खांदे सैल झाले. तिनं दोन्ही रिमोट जोडले, आपला गळ्यात अडकवला. विमान उठलं.

"कुठंय?" ते विचारत.

"कुंपणाच्या आत. उजवा पंख खाली. बरोबर."

"आता?"

"उंच. जरा लांब चाललंय, वळवा."

ते वळवत. एकदा वळण फार ताणलं गेलं, नाक खाली झालं, आणि तिनं "घेतलं" म्हणून विमान आपल्याकडे ओढलं. बाबांचा चेहरा कडवट झाला. त्यांनी अंगठे रिमोटच्या दांड्यांवरून उचलून हवेत धरले. विमान सरळ झाल्यावर ती म्हणाली, "तुमचं." अंगठे परत टेकले. पुढच्या वेळी तिला घ्यायची घाई झाली, तेव्हा बाबा ओरडले, "माझं येतंय ना नीट! आवाज ऐक की जरा!" तिनं ऐकलं. खरंच नीट येत होतं. इतकी वर्षं उडवून आपण इंजिन कधी ऐकलंच नाही, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

पेट्रोल संपत आल्यावर ती म्हणाली, "उतरवायचं आता."

नारिंगी पंख धावपट्टीच्या टोकावर दिसू लागला होता, तिला.

"तू उतरव," ते म्हणाले आणि अंगठे उचलले.

चाकं डांबराला लागली, उसळली, पुन्हा लागली.

"दोनदा आपटलंस."

"वारा होता."

"वारा आमच्याही वेळेला असायचा," बाबा म्हणाले, आणि विमान पुसायला फडकं मागितलं. मग पुढच्या सोमवारचं पेट्रोल कुणी आणायचं, यावरून परतीच्या वाटेवर दोघांचं चांगलंच वाजलं.