न ओरडता उडालेला सुरुंग

सखूचं एक वागणं मला आजवर पटलेलं नाही. ती भांडत नाही. तिला काहीही बोला, ती पदर खोचते, हातातलं काम पुढं चालू ठेवते आणि बोलणाऱ्यालाच उघडं पाडते. माणसानं कसं, दोन शब्द ऐकले तर चार ऐकवावेत. मग दोघींनाही झोप लागते. माझी ही धाकटी जाऊ मला एकटीलाच बोलत ठेवते, आणि झोपही माझीच जाते.

आमची वस्ती देवळा गावाच्या अलीकडे. भाऊ भाऊ वेगळे झाले तेव्हा जुनी विहीर आमच्याकडे आली, धाकट्याच्या, म्हणजे नाथाभावजींच्या वाट्याला वरचा माळ गेला. सखू पाणी भरायची ती आमच्याच विहिरीवर. मी कधी नाही म्हटलं नाही, पण काही बोलल्याशिवाय भरूही दिलं नाही. यंदा त्यांनी माळावर डाळिंबाची रोपं लावली आणि स्वतःची विहीर खणायला घेतली. सुरुंगाला सावळीराम आला, ट्रॅक्टर नि मशीन घेऊन.

सुरुंगाची एक रीत असते. खडकाला भोकं पाडायची, दारू भरायची, तारा जोडायच्या. मग कडेला उभं राहून तेलाचा रिकामा डबा बडवायचा नि ओरडायचं, “सुरुंग हाय रे, सुरुंग!” पोरं, म्हशी, कोंबड्या बाजूला झाल्याशिवाय सावळीराम बटणाला हात लावत नाही. ती ओरड आली की मी मांडणीवरचे हंडे खाली उतरवून ठेवायची. सवयच झाली होती.

त्या दुपारी ओरड आली नाही. मी डाळ निवडत होते. आधी पायाखाली काहीतरी गुरगुरलं, मग धाडकन आवाज झाला. मांडणीवरचे हंडे खाली आले. माझ्या आईनं दिलेल्या तांब्याच्या हंड्याला पोचा आला, आणि देव्हाऱ्यामागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली.

मी अनवाणी निघाले. आमच्या विहिरीवर बाया पाणी भरत होत्या, त्यांच्यात सखूही.

“सखू! आता न ओरडता बार उडवायचीसुद्धा लाज वाटंना व्हय? माझं घर पाडून तुझ्या विहिरीला पाणी लागणार?”

तिनं हंडा खाली ठेवला. “बाई, आज सुरुंग लावलाच नाय. सावळीराम लग्नाला गेलाय.”

“खोटं बोलती! मग काय आभाळ पडलं?”

तिनं पदर खोचला. ती गप्प झाली की मला जोर चढतो. मग तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, “तुझा पायगुणच तसा. तू या घरात आलीस नि मामंजींनी अंथरूण धरलं. तुझ्या विहिरीला पाणी लागायचं नाय.”

बायांनी माना खाली घातल्या. सखूनं हंडा उचलला, तो अर्धाच भरला होता, आणि ती चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या विहिरीच्या काठावर मुरमाच्या ढिगावर जाऊन बसले. सावळीराम म्हणाला, “आज्जी, मी काल इथं नव्हतो, देवाशपथ.” मी म्हटलं, “तू तिचीच बाजू घेणार.” मी उठेना, त्याला बार उडवता येईना. शेवटी त्यानं मशीन दुसऱ्या गावच्या कामावर नेलं. सखूनं बाभळीचे फांटे ओढून आणले आणि अर्धी विहीर झाकली. मी ओट्यावरून बघत होते. जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर ती आमच्या विहिरीवर आली नाही. शाळेजवळच्या नळावरून डोक्यावर पाणी आणायची, तेवढ्यात घरचं भागायचं. डाळिंबाची रोपं एकेक करून वाळली.

चैत्रातल्या एका सकाळी बाया विहिरीवर होत्या आणि मी ओट्यावर. पुन्हा तसंच गुरगुरलं. पुन्हा तसंच धाडकन. भरलेल्या हंड्यांतलं पाणी थरथरलं, लिंबावरचे कावळे उडाले. बायांनी पहिल्यांदा पाहिलं ते माळाकडे. तिथं बाभळीचे फांटे होते तसे होते. माणूस नाही, मशीन नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांच्यातल्या सिंधुबाईला गप्प बसवत नाही. म्हणाली, “काय कुसाबाई, आता कोणी उडवला?”

दूध उतू जातंय म्हणून मी आत गेले. चुलीवर दूध नव्हतं.

आत बसून मला जे डाचलं ते त्या आवाजाचं नव्हतं, ओरडीचं होतं. त्या दिवशी ओरड झाली नाही हे दुसऱ्या कुणी नाही, मीच चारचौघींत बोंबलून सांगितलं होतं. सावळीराम ओरडल्याशिवाय बार उडवत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी तर त्या ओरडीवर हंडे उतरवायची. ओरड नाही म्हणजे सुरुंग नाही, एवढं शेंबड्या पोरालाही कळलं असतं. आणि मी तेच उचलून तिच्या अंगावर फेकलं, की बघा, न ओरडता उडवायचीही लाज नाही. लाज कुणाला नव्हती?

पुढं माझं बाहेर जाणंच सुटलं. अंगणात कुणी हसलं की वाटायचं, मलाच हसतात. हसतही असतील.

माझा मुलगा शेखर सातपूरला कारखान्यात आहे. त्याची पोरगी सायली नाशकात कॉलेजात भूगोल शिकते. सुट्टीला आली आणि भिंतीची चीर बोटानं चाचपून म्हणाली, “आजी, हा भूकंप होता. लहानसा.”

“भूकंपात गावं पडतात. मला शिकवू नको.”

“मोठ्यात पडतात. बरं, मला सांग, आपण बसलोय ती जमीन जागची हलत नाही ना?”

“माझा ओटा तर कुठं गेलेला नाय.”

“गेलाय. उत्तरेला चाललाय, अख्ख्या देशासकट. नखं वाढतात ना, तेवढ्या बेतानं. ओट्याबरोबर तूही सरकतेस, मग तुला कसं कळणार?”

“आणि अडवणारं कुणी नाय?”

“आहे ना. पुढं दुसरी तेवढीच मोठी जमीन आहे. दोन्ही एकमेकींना भिडल्यात, म्हणून तर मधे हिमालय उचलला गेलाय. पण मागून रेटा चालूच. तो दाब पार आपल्या खडकापर्यंत येतो.”

तिनं टोपलीतला कांदा घेतला, फरशीवर ठेवला आणि तळहातानं हळूहळू दाबू लागली. बराच वेळ काही होईना. मी म्हणणार होते, बुक्की मार, असा फुटत नसतो. तेवढ्यात आतल्या आत कट् झालं. वरचं साल होतं तसंच. सायलीनं ते सोललं, तर आतला एक पापुद्रा चिरून बाजूला सरकला होता.

“खाली खोल जुन्या भेगा असतात, आजी. दाब सोसवेना की एखादी अशी थोडीशी सरकते. तिचाच तो आवाज.”

“सुरुंगासारखा?”

“अगदी तसाच. फक्त ती आधी ओरडून सांगत नाही.”

सायली हसली. मला हसू आलं नाही. तो कांदा मी भाजीत घातला नाही, मांडणीवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडूनच फोन लावून घेतला. “सावळीराम, मशीन घेऊन ये.”

“आज्जी, तुम्ही परत ढिगावर बसाल.”

“बसणार हाय. पण दुसऱ्या कामाला.”

तो यायच्या दिवशी सकाळीच मी माळावर गेले आणि फांटे ओढायला लागले. दोन्ही हातांत काटे गेले. थोड्या वेळानं सखू आली. काय चाललंय हेही तिनं विचारलं नाही. दुसऱ्या बाजूनं ओढायला लागली.

“अगं बोल की काहीतरी!”

“काय बोलू, बाई?”

“शिवी दे.”

“मला नाय येत.” असं म्हणून तिनं माझा हात धरला आणि काटा काढायला घेतला. ते तर शिवीपेक्षा वाईट होतं.

सावळीरामनं भोकं मारली, तारा जोडल्या. डबा बडवायला त्यानं हात पुढं केला तो मी मागं सारला. मुरमाच्या त्याच ढिगावर चढले, डबा बडवला आणि छाती फुटेस्तोवर ओरडले, “सुरुंग हाय रे, सुरुंग! बाजूला व्हा!” विहिरीवरच्या बाया बांधावर येऊन बघू लागल्या. कुसाबाई सखूच्या सुरुंगाला ओरडते, हे काय रोज बघायला मिळतं? घरी मांडणीवरचे हंडे मी उतरवले नव्हते. पडू देत, म्हटलं.

बार उडाला. धुरळा खाली बसला.

सखू म्हणाली, “बाई, तुमचा आवाज पार देवळ्याला गेला असंल.”

बाया निघायच्या बेतात होत्या. मी पुन्हा डबा वाजवला, तशा त्या थांबल्या.

“सखू, ऐक, आणि तुम्ही सगळ्या ऐका. तू भांडत नाय, ही तुझी खोड वाईट, आणि ते मी मरेपर्यंत बोलणार. त्या दिवशी माझ्या झिंज्या धरल्या असत्यास तर तुझी डाळिंबं जगली असती. पण खोटी तू नव्हतीस, खोटी मी होते. आणि पायगुणाचं बोलले ना, तर मामंजी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं तू केलंस. मी उंबऱ्यातनं विचारून जायची, जेवले का म्हणून.”