ड्राफ्टचा लिव्हर

रोगी दाखवायच्या आधी रोगाचं नाव सांगणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो. थोरल्यांनी शेडच्या दारातच मला गाठलं. "मिस्त्री, ट्रॅक्टरची लिफ्ट कामातून गेली आहे. तेवढं धाकटीला तुमच्या तोंडून सांगा, म्हणजे ती विकायला हो म्हणेल. दुपारी गिऱ्हाईक येतंय."

"गेली की राहिली ते मी बघतो. पस्तीस वर्षं दुसरं केलंय काय?" मी पिशवी आपटली.

ट्रॅक्टर त्यांच्या धाकट्या भावाचा. तो आठ महिन्यांपूर्वी वारला. त्याची बायको एकटीने चालवायला शिकली, पेरणी यंत्र जोडून पहिलं शेत पेरलं, आणि निम्म्या शेतात उगवलंच नाही. जमीन भुसभुशीत आली की लिफ्टवर टांगलेलं मागचं यंत्र आपोआप खाली जायचं आणि बी वीतभर खोल गाडलं जायचं. थोरले वाईट नव्हते. ती ट्रॅक्टरवर असली की हे बांधावर उभे, जीव टांगणीला. विकला की सुटलो, असं त्यांना वाटत होतं.

धाकट्या वहिनी शेडमध्ये आल्या. "मिस्त्रीभाऊ, खरं सांगा. माझ्या हाताचाच दोष असेल तर आजच विकू. पण उगाच विकायला लावू नका. हा गेला तर मी रोज दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं."

मी तेल पाहिलं. पुरेसं होतं. फिल्टर काढला, स्वच्छ होता. यंत्र पूर्ण वर उचलून इंजिन बंद केलं आणि लिफ्टच्या हातावर खडूने रेघ ओढली. पाव तास झाला, रेघ जागची हलली नाही. म्हणजे तेल कुठे गळत नव्हतं आणि आतला दट्ट्या शाबूत होता.

"मग नाचता येईना अंगण वाकडं," थोरले पुटपुटले. वहिनींनी मान खाली घातली. मला थोरल्यांच्या डोक्यात पाना घालावासा वाटला.

उरले सीटशेजारचे दोन लिव्हर. एक पोझिशनचा, त्याने यंत्र किती वर-खाली ठेवायचं ते ठरतं. दुसरा ड्राफ्टचा, तो ओढीवर चालतो. नांगराला जमिनीची ओढ जास्त बसली की लिफ्ट जरा वर येते, कमी बसली की खाली जाते. नांगराला हे उत्तम. पेरणी यंत्राला ओढ ती केवढी! म्हणून ते खाली खालीच जात राहतं. पेरताना ड्राफ्टचा लिव्हर मोकळा करून ठेवावा लागतो.

तो हलेना. मी सीटखाली वाकलो. लिव्हर नटाने जखडला होता, वर दुसरा नट, आणि त्यावर निळ्या रंगाचा ठिपका. निळा ठिपका म्हणजे मी. या भागात दुसरा कुणी तो लावत नाही.

धाकट्याचा गुडघा लागून तो लिव्हर सारखा सरकायचा. तो फक्त नांगरायचा, पेरणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरने व्हायची. "बांधूनच टाकतो," असं मीच म्हणालो होतो.

आता गुपचूप नट सैल करून "वॉल्व्ह अडकला होता" म्हणणं सोपं होतं. पण मग थोरले म्हणणार, ट्रॅक्टर जुना झाला, विका. नुसतं "लिव्हर लावून ठेवला होता" म्हटलं, तर म्हणणार, बाईला लिव्हरसुद्धा कळत नाही.

"लिफ्ट ठणठणीत आहे," मी उभा राहून म्हणालो. "वहिनींच्या हातातही दोष नाही. हा लिव्हर मी जखडला आणि फक्त धाकट्याला सांगितलं. ते शेत माझ्यामुळे वाया गेलं."

वहिनी रागाने लाल झाल्या. "ती पेरणी फसल्यापासून मी या हातांना शिव्या देतेय," म्हणाल्या. "द्या तो पाना." दोन्ही नट त्यांनीच काढले. मी फक्त लिव्हर कुठे ठेवायचा ते दाखवलं.

शेताच्या कडेने त्यांनी पेरत एक फेरा मारला. थोरल्यांनी गुडघ्यावर बसून माती उकरली, चार पावलं पुढे जाऊन परत उकरली. "बी दोन बोटंच खोल," ते ओरडले. "इथंही दोनच बोटं!" मग बाजूला जाऊन गिऱ्हाइकाला फोन लावला आणि येऊ नका म्हणाले.

वहिनींनी ट्रॅक्टर माझ्याजवळ थांबवला. इंजिन चालूच होतं.

"आमच्या यांनी मला एकदाही का नाही सांगितलं हो?"

थाप मारता आली असती. मारली नाही. "तुम्ही कधी या सीटवर बसाल, हे आम्हा दोघांच्या मनातही आलं नव्हतं."

त्यांनी स्टिअरिंग धरलं. "यायला हवं होतं," म्हणाल्या, आणि यंत्र खाली सोडून पुढच्या फेऱ्याला लागल्या.