लग्नातल्या साडीचा उजेड

"दार उघड, संघप्रिया! नाई त हाडकं मोडतो तुयी!"

तिचा नवरा राजदीप दारावर लाथा घालत होता. आरमोरीत त्याचा फोटो स्टुडिओ. आज एका गिऱ्हाईकाने "लग्नाले तुमच्या बाईलेच पाठवा, त्याईनं काढलेले फोटो चांगले येतात" म्हटलं, एवढंच निमित्त. मार खाता खाता संघप्रिया कॅमेरा घेऊन आतल्या खोलीत शिरली होती.

तिने कॅमेरा स्टुलावर ठेवला, फ्लॅशचं तोंड भिंतीकडे वळवलं, टायमर लावून समोर उभी राहिली. फोटो पाहिला आणि कपाळावर हात मारला. भिंत निळी, तिच्यावरून परतलेला उजेडही निळा! मागच्या वेळी तक्रार द्यायला गेली तेव्हाही हेच झालं. हवालदार म्हणाला होता, "बाई, सगळंच निळं आहे. मार कुठी आहे?" आणि फ्लॅश सरळ मारावा तर चेहरा सपाट पडतो, सूज दिसतच नाही.

तिने पेटी उपसली. बौद्ध रीतीच्या लग्नात नेसलेली पांढरी साडी काढून भिंतीवरच्या खिळ्यांना टांगली आणि फ्लॅश तिच्यावर मारला. बंद झालेला डोळा, गालावरची बोटं, फुटलेला ओठ, सगळं लख्ख उमटलं. तिला रडूच फुटलं. एवढं मारलं मेल्याने!

कडी तुटली तशी तिने पुन्हा बटण दाबलं.

"मायाच कॅमेऱ्यानं मले फसवतं?" राजदीपने तिचे केस धरून मुस्काटात मारली. टायमरचा लाल दिवा लुकलुकत होता. तिचे हात सवयीने तोंडावर आले. तिने ते खाली ओढले आणि चेहरा कॅमेऱ्याकडे धरला. त्याने दुसरा हात उगारला आणि फ्लॅश उडाला.

तो दचकला. तेवढ्यात कॅमेरा उचलून ती अनवाणीच बसस्टँडकडे पळाली.

गडचिरोलीच्या ठाण्यात बाई अंमलदाराने तो फोटो बराच वेळ पाहिला. "तुमी दोघंही आहा यात. मंग काढला कोनं?"

आजवर तिने काढलेल्या प्रत्येक फोटोखाली राजदीपचंच नाव जायचं.

"मी काढला. लिवा, संघप्रिया."

सुजलेल्या ओठांतून नाव नीट निघालं नाही. तिने ते पुन्हा सांगितलं.