विटांवरची मोटार

मी मोटार बोलतेय. उंची एवढीशीच, लांबीला वीतभर. पण मोटार म्हटल्यावर तोरा हा असणारच. तेवढा चालवून घ्या.

माझा जन्म जळगावात, हस्तीमल शेठजींच्या कापड दुकानाच्या माळ्यावर झाला. मला घडवलं त्यांच्या धाकट्या भावाने, सुरेशचंदने. याला गादीवर बसवलं, तर गिऱ्हाइकाला कापड दाखवायचं सोडून हा बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापत बसायचा. वैतागून शेठजींनी त्याला माळ्यावर धाडलं. त्याला आयताच कारखाना मिळाला.

पत्र्याचं अंग, इंजेक्शनच्या बाटल्यांच्या रबरी बुचांची चाकं, टॉर्चच्या बल्बचे दिवे, चहाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाचा बंपर. बॉनेट उघडलं की आत रिळाचं इंजिन आणि काळ्या दोऱ्याच्या वायरी. सुरेशचंदचा हट्ट एकच, जे जसं आहे ते तसंच दिसलं पाहिजे. व्यापाऱ्याच्या घरात असा हट्ट म्हणजे आजारच समजायचा.

मी हुबेहूब शेठजींच्या काळ्या मोटारीसारखी. आता ती खरी मोटार चौऱ्याहत्तर साली पेट्रोल भडकलं तशी चाकं काढून विटांवर चढवलेली. मग मीही विटांवरच. चहाच्या खोक्याचं गॅरेज, कौल घासून केलेल्या इवल्या विटा, भिंतीला टेकवलेली चाकं, जमिनीवर ऑइलचा डाग. मागच्या सीटवर मातीचा भिकन झोपलेला.

भिकन हा शेठजींचा ड्रायव्हर. गाडी थांबली तरी हा रोज टोपी घालून यायचा, गाडी पुसायचा आणि मागच्या सीटवर ताणून द्यायचा. मला निरखून त्याने सगळं पसंत केलं, तक्रार एकच. म्हणाला, "बठ्ठं बराबर शे. मी मातर इतला जाडा नही."

गावात मात्र शेठजी सांगत, गाडी शिरपूरला गेलीय. कुणी कधीही विचारलं तरी गाडी शिरपूरलाच. दसऱ्याला तिची पूजासुद्धा दार लोटून आतल्या आत उरकली. अख्ख्या गल्लीला खरं ठाऊक होतं, पण शेठजींना वाईट वाटू नये म्हणून सगळे शिरपूरची हवा कशी आहे ते विचारत.

अशात शेठजींच्या मुलीला, प्रेमकुंवरला, धुळ्याहून बघायला येणार असं ठरलं. तिला मुलगा मनापासून आवडला होता. एका लग्नात तिने त्याला पाहिलं होतं. ही गोष्ट तिने फक्त काकांना सांगितली, आणि मी तिथेच असल्यामुळे मलाही कळली. तेव्हापासून माझाही जीव टांगणीला लागला.

पाहुणे यायच्या दिवशी शेठजी स्वतः माळ्यावर आले. माझं चकचकीत तोंड बघून खूश झाले. खरी नाही तर निदान प्रतिकृती तरी दाखवता येईल, असा त्यांचा विचार. मला गॅरेजसकट उचलून त्यांनी दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मांडलं. खाली वाकून बघायचं त्यांना सुचलंच नाही. जन्मभर गिऱ्हाइकाला थानाची वरची घडी दाखवलेला माणूस, आत कशाला बघेल?

पण मुलाचे वडील दीपचंदजी हेही कापडवालेच निघाले. आणि ते विकणारे कमी, घेणारे जास्त. थान शेवटपर्यंत उलगडल्याशिवाय त्यांनी कधी सौदा केलेला नव्हता. त्यांनी मला गॅरेजसकट बाहेर काढलं आणि सवयीने मागून-खालून पाहिलं.

"हस्तीमलजी, माल पुढून झकास आहे," ते म्हणाले. "आत विटा आहेत."

शेठजींचा चेहरा धुतलेल्या मांजरपाटासारखा पांढरा पडला. "ती... ती भावाची मस्करी. गाडी शिरपूरला गेलीय."

दीपचंदजींनी दारात उभ्या भिकनकडे पाहिलं. "कोण घेऊन गेलं?"

भिकनने टोपी काढली. "शेठ सांगतस, गयी. मी ते आठेच शे." ड्रायव्हर इथेच, मग गाडी नेली कुणी?

सरबताचा ट्रे घेऊन प्रेमकुंवर उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला. सोयरीक माझ्या विटांवर आदळणार, हे मला दिसत होतं.

"गाडी शेडमध्येच आहे," ती हळू म्हणाली. "विटांवर. काकांनी जशी आहे तशीच केलीय. बापूजींना सांगायची लाज वाटते, एवढंच."

दीपचंदजींनी मला खाली ठेवलं. मग म्हणाले, "आमचीही उभीच आहे. आम्ही सांगतो, मालेगावला गेलीय." आणि तेच आधी हसले. "दोघी कुठेतरी भेटत असतील एकमेकींना."

सोयरीक जमली. वरात एसटीने धुळ्याला गेली आणि मी नवरीच्या मांडीवर. त्या घरातून त्या काळात बाहेर पडलेली मोटार म्हणजे मी एकटीच, हे जरा लक्षात असू द्या.

आता मी धुळ्याच्या शोकेसमध्ये आहे. प्रेमकुंवरच्या सासूबाई, लाडकुंवरबाई, चांगल्या आहेत. पण पाहुणे यायचे असले की मला चाकं चढवतात. मोटार चालती दिसली पाहिजे ना. पाहुणे गेले की प्रेमकुंवर दार लोटते, चाकं काढते, विटा पुन्हा माझ्याखाली सरकवते आणि भिकनच्या टोपीवरची धूळ पदराने पुसते.

म्हणून हात जोडून सांगते, मला चाकं लावू नका. चाकं लावली की मी कुठलीही मोटार. विटांवर आहे तोवर मी तिचं माहेर आहे.