आधी खारू, मग तंबू

खारूच्या मावशीचा तंबू एकदा रस्त्यात पडला होता आणि मुक्कामाला पोचेपर्यंत मावशीला ते कळलंच नव्हतं. तळ्याकाठी मोटरसायकल उभी करून तिने मागे पाहिलं, तर कॅरिअरवर नुसता रबरी दोर लोंबत होता. ती रात्र तिने रेनकोट पांघरून झाडाखाली काढली. घरी आल्यावर हे सगळं तिने हसत हसत सांगितलं आणि तिथेच फसली, कारण ऐकणाऱ्यांत खारूची आईही होती.

त्यामुळे या सुट्टीत मावशी म्हणाली, "खारूला घेऊन जाते या वेळी तळ्यावर," तेव्हा आईने हातातली कात्री खाली ठेवली. आई सोफ्यांची कव्हरं शिवते. कामाच्या मध्येच तिने कात्री ठेवली की घरातले सगळे जरा सावरून बसतात.

"तुझा तंबू पडला तर तुला पत्ता नाही," आई म्हणाली. "उद्या माझी पोरगी पडली म्हणजे?"

"तंबूला हात नसतात गं ताई. ही मला धरून बसेल."

"आणि पेंग आली म्हणजे?"

मावशीने दाराकडे पाहिलं. तिथे उभी असलेली खारू जागची हलत नव्हती, आणि ही नवलाची गोष्ट. दहा वर्षांची ही मुलगी एका जागी ठरत नाही म्हणून तर तिचं नाव खारू पडलं होतं. पण आत्ता ती दाराची कडी धरून अशी उभी होती, जणू जरा हलली तर नकार येईल.

"आधी सामान नीट बांधून दाखवा मला," आई शेवटी म्हणाली. "बाजारामागच्या त्या फुटक्या रस्त्यावरून फिरवून आणा. काही हललं नाही, तर मग बघू."

'मग बघू' म्हणजे होकार नव्हे, हे खारूला चांगलं ठाऊक होतं. पण तो नकारही नव्हता.

शिकवणी आजोबांकडे आली. आली म्हणजे त्यांनी ती घेतली. आजोबांनी उभा जन्म शाळेत मुलांना सुतारकाम शिकवलं होतं. निवृत्त झाल्यापासून घरातली हरेक खुर्ची दोनदा दुरुस्त होऊन गेली होती, आणि शिकायला मात्र कोणी मिळत नव्हतं. मागच्या अंगणात मोटरसायकल डबल स्टँडवर चढली, शेजारी पट्टे, पिशव्या, तंबू असं सगळं मांडलं गेलं, आणि आजोबा एका स्टुलावर हात मागे बांधून बसले.

"मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "खारू बांधेल."

"बाबा, मोटरसायकल माझी आहे," मावशी म्हणाली.

"तुझी बांधाबांध ऐकलीय आम्ही. तू पट्टे दे तिच्या हातात."

खारूने तंबूची लांबट गुंडाळी कॅरिअरवर आडवी ठेवली, एक पट्टा वरून घेतला आणि त्याचं टोक दिसेल तिथे अडकवून टाकलं. दिसला तो मागचा इंडिकेटर.

आजोबा 'चुकलं' म्हणत नसत. शाळेतही म्हणाले नव्हते. ते एवढंच म्हणाले, "हलवून बघ."

खारूने तंबू हलवला. इंडिकेटरने बिचाऱ्याने मान टाकली.

"अरे देवा, माझा दिवा," मावशी म्हणाली.

"दिवा काय करायला असतो?" आजोबांनी खारूला विचारलं.

"वळताना दाखवायला."

"मग तो ओझं कसा उचलेल? गाडीचं हाड शोध. जिथे धरून ओढलं तर सगळी गाडी हलते, ते हाड."

खारू गाडीभोवती रांगत फिरली. कॅरिअरची नळी ओढून पाहिली, सीटखालचा लोखंडी सांगाडा ओढून पाहिला, चेन झाकणारा पत्राही ओढून पाहिला आणि तो किरकिरला तेव्हा 'हे हाड नाही' असं स्वतःशीच म्हणाली. आजोबांचा चेहरा असा खुलला की मावशीने तोंड फिरवून हसू लपवलं.

असं रोज थोडं थोडं चाललं. जड वस्तू खाली, आणि दोन्ही बाजूंना सारख्या. नाहीतर गाडी एका अंगाला झुकते. फार मागे काही जड नको. पुढचं चाक हलकं होतं. सायलेन्सरपासून पिशवी दूर, कारण तो तापतो. पट्ट्याचं सुटं टोक लोंबतं ठेवायचं नाही; चाकात गेलं तर सगळंच संपलं. रेनकोट मात्र सगळ्यांत वर, तो हवा असतो तेव्हा शोधायला वेळ नसतो. आणि प्रत्येक पट्टा ओढून झाला की आजोबांचं ठरलेलं: "हलवून बघ." सामान एकटंच हललं, तर बांधलंच नाही असं समजायचं. सामानाबरोबर गाडीही डुलली, तर बांधलं.

आई या सगळ्याकडे लक्ष देत नव्हती, निदान तिचं म्हणणं तसं होतं. फक्त अंगणातून जाता जाता ती पिशवीत काहीतरी सारून जायची. आधी एक लोकरी टोपी. मग औषधांचा डबा. मग जादा बॅटरी, जादा मोजे, आणि एक दिवस चक्क जाड पांघरूण.

"ताई," मावशी म्हणाली, "तू अजून हो म्हणाली नाहीस, पण तुझं सामान निघालंसुद्धा."

"असू दे. जागा आहे ना?"

जागा होती. जागा आहे म्हणून मावशीनेही आपली घडीची खुर्ची घातली, आणि जागा आहे म्हणून आजोबांनी हातोडी, पक्कड, करवत आणि खिळ्यांची पिशवी घातली. "तळ्यावर काय बांधायचंय, माडी?" असं आईने विचारलं, तर ते म्हणाले, "वेळ काही सांगून येत नाही."

परीक्षेच्या दिवशी सकाळी खारूने सगळं एकटीने बांधलं. दोन्ही बाजूंना फुगलेल्या पिशव्या, मागे आडवा तंबू, त्याच्या पुढे सीटवर स्लीपिंग बॅगा, वर पट्ट्यांची फुली. मावशी एकटीच गाडीवर बसली आणि निघाली. आई बाजारामागच्या कोपऱ्यावर हाताची घडी घालून उभी राहिली. खारू आजोबांचा हात धरून शेजारी. त्या रस्त्याला खड्डे होते म्हणण्यापेक्षा खड्ड्यांत थोडा रस्ता होता. गाडी आदळली, उडाली, स्पीडब्रेकरवरून दाणकन खाली आली. सामान मात्र गाडीला चिकटून जन्मल्यासारखं तिच्याबरोबर वर-खाली होत राहिलं. एक मोजासुद्धा पडला नाही.

अंगणात परत आल्यावर मावशीने हेल्मेट काढून खारूपुढे मान लववली. आजोबांनी चष्मा काढून पुसला आणि पुसतच राहिले.

आईने गाडीभोवती एक फेरी मारली. प्रत्येक पट्टा ओढून पाहिला. रोज कापड ताणून शिवणारी बाई ती, तिला ताण कळतो. मग म्हणाली, "छान बांधलंय." खारूचा चेहरा उजळला. "आता ही बसणार कुठे?"



मावशीने सीटकडे पाहिलं. तिच्या स्वतःच्या बैठकीमागे वीतभर जागा उरली होती, आणि त्यापुढे स्लीपिंग बॅगांची भिंत. खारू तरीही चढली. पाय खाली सोडले, तर पाय टेकवायचे दांडे पिशव्यांखाली पुरते गाडले गेलेले. तिचे पाय बेडकासारखे दोन्हीकडे पसरले.

खरं तर हसण्यासारखंच होतं ते. पण आई हसली नाही.

"इतके दिवस तिघं मिळून बांधताय," ती हळू आवाजात म्हणाली. "हातोडीला जागा आहे, खुर्चीला जागा आहे. पोरीला तेवढी नाही. हेच म्हणत होते मी." आणि ती आत गेली. जाताना म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू."

आजोबा स्टुलावर बसले. "बांधायला शिकवण्याच्या नादात," ते म्हणाले, "बसणाऱ्या मुलीला विसरलोच की मी."

"मीही विसरले," मावशी म्हणाली. "गाडी माझी, भाची माझी."

खारूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिने बाहीने पुसलं आणि बकलं सोडायला लागली. एकेक करून सगळी सोडली. पट्ट्यांच्या गुंडाळ्या करून रांगेत ठेवल्या. गाडी रिकामी झाली तशी ती पुन्हा चढली.

"मावशी, तू पण बस पुढे. आजोबा, तुमचा खडू?"

आजोबांच्या खिशात खडू नाही असं कधी झालं नव्हतं.

"माझ्याभोवती रेघ मारा. नीट मारा."

आजोबांनी तिच्या पाठीमागे सीटवर एक रेघ ओढली. मग दोन्ही बाजूंना, तिच्या पायांची जागा सोडून, जिथून पुढे पिशवी यायची नाही तिथे गाडीच्या अंगावर दोन छोट्या खुणा केल्या. लाकूड कापण्याआधी मारत तशीच बारीक, सरळ रेघ. खारू उतरली आणि दूर जाऊन तिने पाहिलं.

"ही माझी जागा," ती म्हणाली. "आधी मी. बाकीचं उरेल त्यात."

उरेल त्यात फार थोडं मावत होतं. मावशीची खुर्ची तिने न विचारता बाजूला ठेवली. आजोबांकडे मात्र तिने नुसतं पाहिलं, आणि त्यांनी हातोडी-करवत मुकाट्याने उचलली. पक्कड तेवढी राहू दे का, असं त्यांनी विचारलं. खारूने विचार करून हो म्हटलं. स्लीपिंग बॅगा दाबून बारीक केल्या आणि रेघेच्या मागे तंबूला चिकटवून बांधल्या. पिशव्या सडपातळ झाल्या. जाड पांघरूण हातात घेऊन ती बराच वेळ उभी राहिली, मग तेही घडी करून खुर्चीवर ठेवलं. लोकरी टोपी पिशवीतच राहिली. औषधं राहिली.

बांधून झाल्यावर ती गाडीवर बसली. पाय दांड्यांवर बरोब्बर टेकले. पाठीला स्लीपिंग बॅगांची मऊ टेकण झाली; पेंग आली तरी मागे जायला वाटच नव्हती.

"आई," तिने हाक मारली. "एकदा बाहेर ये ना."

आई दारापर्यंत आली. तिने आधी जमिनीवर काढून ठेवलेला ढीग पाहिला, त्यात वर आपलं पांघरूण पाहिलं. मग सीटवरची पांढरी रेघ पाहिली. वाकून लेकीच्या पायांखालचे दांडे चाचपले, पाय आणि पिशवी यांच्यात हात घालून किती जागा राहते ते पाहिलं.

"हलवून बघ," खारू म्हणाली.

आईने तंबूला हात घातला.

"त्याला नाही. मला."

आईने दोन्ही हात लेकीच्या खांद्यांवर ठेवले आणि हलवलं. पुढे बसलेली मावशी, खारू, पिशव्या, तंबू, सगळी मोटरसायकल एकदम एका अंगाने डुलली.

आई तशीच खांदे धरून उभी राहिली. मग तिला तंबूखाली पट्ट्याचं बोटभर सुटं टोक दिसलं. ते तिने घडी घालून नीट आत खोचलं, शिवण दडवावी तसं, आणि वरून एकदा थोपटलं.

"दर तासाला थांबायचं," ती मावशीला म्हणाली. "आणि थांबलीस की आधी मागे बघायचं."

"ताई, म्हणजे..."

"म्हणजे काय म्हणजे. टोपी वर काढून ठेव, वारा लागेल तिला."

खारू गाडीवरून उडी मारून खाली आली आणि अंगणभर पळत सुटली. तिच्या पँटवर मागच्या बाजूला खडूची रेघ ठळक उमटली होती. आजोबांनी खिशातून खडू काढला आणि पुसट झालेली सीटवरची रेघ पुन्हा मारायला बसले.