किन्शिचोची दक्षिण बाजू

जुईला किन्शिचो स्टेशन दाखवलं ते मी. उत्तरेचं दार कुठलं, दक्षिणेचं कुठलं, कोथिंबीर कुठे मिळते, दाताच्या कुठल्या डॉक्टरला इंग्रजी येतं, सगळं मी. आणि त्या शनिवारी तीच जुई हातात पिवळी छत्री उंच धरून स्टेशनसमोर उभी राहिली होती आणि पुण्याहून आलेल्या पंचवीसेक ज्येष्ठ नागरिकांना सांगत होती, "मंडळी, हे माझं किन्शिचो!"

माझं म्हणे.

मी तिथे गेले होते ती आईमुळे. आई पुण्यातल्या एका सहलीबरोबर जपान बघायला आली होती. टोकियोतला शेवटचा कार्यक्रम म्हणजे मराठी गाइडबरोबर स्टेशनच्या आसपासच्या वस्त्यांतून फेरफटका, आणि तो संपला की दोन दिवस ती माझ्याकडे राहणार होती. फोनवर म्हणाली, "तू थेट तिथेच ये गं. सगळ्यांना दाखवायचीय माझी मुलगी." आता दाखवायचीय म्हटल्यावर गेले. चांगली साडीबिडी नेसून गेले. गाइड कोण, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

"अय्या, यामिनीताई!" जुईनं मला बघताच गळामिठी मारली. "मंडळी, ह्या माझ्या गुरू बरं का! मी नवीन आले तेव्हा ह्यांनीच मला इथे हिंडवलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुई आईच्या पायासुद्धा पडली. आई तर फुलूनच गेली. सहलीतल्या विभाताईंना म्हणाली, "बघा, मी बसमध्ये सांगत नव्हते? बाहेरच्या देशात जाऊन नाव काढलंय पोरीनं." विभाताई कोथरूडच्या. बसमध्ये त्यांनी आईला आपल्या अमेरिकेतल्या मुलाबद्दल भरपूर ऐकवलेलं असणार, हे आईच्या आवाजावरनं कळत होतं.

उत्तरेची बाजू बरी गेली. बागेत नेऊन जुई म्हणाली, "स्कायट्रीच्या मनोऱ्यावर जायला तिकीट पडतं, इथल्या बाकावर बसून बघायला काही पडत नाही." हे वाक्य माझं. मॉलमध्ये शिरताना म्हणाली, "कुणी हरवलं तर घाबरायचं नाही, तळमजल्यावर बटाट्यांपाशी येऊन उभं राहायचं." हेही माझंच. थांबायची जागा माझी, हसायची जागा माझी, हातवारेसुद्धा माझे! बाई, निदान बटाट्याऐवजी कांदा तरी म्हणायचं होतंस. पण आई पोटभर हसत होती. म्हटलं, जाऊ दे, आपल्याच विनोदाला हसतेय.

मग जुईनं छत्री फिरवली आणि सगळे रेल्वेच्या पुलाखालून दक्षिणेकडे निघाले, तेव्हा मी घाईनं आईच्या शेजारी गेले. कारण पुढचा रस्ताही माझाच होता, आणि तो कुठे जातो हे मला ठाऊक होतं.

आता सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचं, सारंगचं, तोयोसूतलं कॉन्ट्रॅक्ट अचानक गेलं. दुसरं मिळेपर्यंत सहा-सात महिने तो घरी होता. त्याच वेळी तिकडे पुण्यात बाबांना हार्टचा त्रास सुरू होऊन त्यांना आयसीयूत ठेवलेलं. मी पुण्याला कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, पण इथे माझं जपानी 'गुड मॉर्निंग'च्या पुढे जात नव्हतं. तोंड न उघडता करता येईल असं एकच काम मिळालं. किन्शिचोच्या दक्षिणेला, मागच्या गल्लीत, तासावर खोल्या देणारी हॉटेलं आहेत. जोडपी येतात, तास-दोन तासांनी जातात. ती गेली की आत शिरायचं, चादरी काढायच्या, न्हाणीघराच्या जाळीतले केस काढायचे, सगळं पुसायचं आणि दुसऱ्या जोडप्यासाठी खोली कोरी करून ठेवायची. मागे मुकादम बाई "हायाकु, हायाकु" करत उभी. लवकर, लवकर.

आई-बाबांना सांगितलं, तोयोसूला एका ऑफिसात लागलेय. त्यांच्या त्या अवस्थेत दुसरं काय सांगणार होते? एके दिवशी दुपारी फोन वाजला. बाबा बेडवर, नाकात नळी, शेजारी फोन धरून आई; म्हणाले, "ऑफिस दाखव की तुझं." मी धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीत होते. युनिफॉर्म दिसू नये म्हणून फोन उलटा फिरवला. बाबा म्हणाले, "हे काय गं पांढरं पांढरं? छतापर्यंत थप्प्या आहेत." मी म्हटलं, "कागद, बाबा. ऑफिसचे कागद." म्हणाले, "बापरे, केवढं काम! तब्येत सांभाळून कर."

पुढच्याच आठवड्यात ते गेले. आणि तेव्हापासून आई प्रत्येक पितृपक्षात, प्रत्येक वाढदिवसाला एकच म्हणते, "तुझं ऑफिस बघून गेले गं. समाधानानं गेले." तिच्यापाशी शिल्लक राहिलेली सुखाची गोष्ट कुठली, तर ही. मी ती कशी काढून घेणार होते?

हे फक्त सारंगला माहीत होतं. आणि जुईला. जुई नवीन आली तेव्हा एमबीए होऊन कोनबिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, काउंटरवर उभं राहावं लागतं म्हणून उत्तरेच्या त्याच बाकावर बसून ढसाढसा रडत होती. परतीचं तिकीट काढायला निघालेली. तिला म्हटलं, "अगं वेडे, दुकानात उभं राहायची कसली लाज? चल, तुला मी काय केलंय ते दाखवते." तिला त्या गल्लीत नेलं आणि सगळं सांगितलं. चादरींसकट. ती राहिली. तेव्हा मला किती बरं वाटलं होतं!

पुलाखालून बाहेर पडल्यावर मी आईचा दंड धरला. "आई, पाय दुखत असतील ना? आपण पुढे घरी जाऊ या. एकच स्टेशन आहे."

"छे गं, अजिबात नाही."

"इकडे काही नाहीये बघण्यासारखं. नुसते बार आहेत."

हे जुईनं ऐकलं. "ताई, असं काय करता? मुख्य मजा तर इकडेच आहे!" आणि चालायला लागली. मी पुढे होऊन तिच्याजवळ गेले, तिच्या कानाशी म्हटलं, "जुई, त्या गल्लीत नको. आई आहे." ती मान हलवून "हो, हो" म्हणाली आणि त्याच दमात मागे वळून ओरडली, "मंडळी, उजवीकडे!" उजवीकडे घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायची इमारत आहे. कानामागे पेन्सिली खोचलेले म्हातारे फुटपाथवर बसून वर्तमानपत्रात डोकं घालतात. ते बघून झालं. मला वाटलं, कळलं तिला, इथूनच परत फिरणार. तर बाई शिरली गल्लीतच. मी मागे येऊन पुन्हा आईचा दंड धरला.

सहलीत बाळासाहेब म्हणून एक रिटायर्ड बँक मॅनेजर होते. त्यांनी गुलाबी इमारतीवरची पाटी मोठ्यानं वाचली. "रेस्ट! वा, सोय चांगली आहे. चला, टेकू या जरा." बायका फिदीफिदी हसल्या. एवढंच हवं होतं जुईला. छत्री मिटून ती पायरीवर चढली.

"काका, ही विश्रांती तुमच्या कामाची नाही!" पुन्हा हशा. "पण ह्या हॉटेलची एक खरी गोष्ट सांगते. आपली एक मराठी बाई, पुण्याचीच, चांगली प्राध्यापक, नवऱ्याची नोकरी गेली म्हणून इथे चादरी बदलायची. घरी सांगितलेलं काय, तर ऑफिसात आहे! एकदा वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. ते तिकडे आयसीयूत, आणि ही इकडे ह्याच इमारतीत, चादरींच्या थप्प्यांसमोर. वडील म्हणाले, हे काय गं पांढरं पांढरं? तर म्हणते कशी, ऑफिसचे कागद, बाबा!"

तिनं 'बाबा' म्हणताना आवाज लाडिक केला होता. सगळे हसले. विभाताईंनी तर कपाळाला हात लावला. "बापरे! आणि आईला?"

"आईला अजून पत्ता नाही!" जुई म्हणाली.

मी आईकडे बघितलं. आई हसत होती. सगळ्यांसारखीच, दात दिसतील असं. फक्त तिचा दंड माझ्या हातातून सुटलेला होता. कधी सोडवून घेतला, मला कळलं नाही.

विभाताई माझ्याकडे वळल्या. सहजच, वाईट हेतूनं नाही. "यामिनी, तूही पूर्वी इकडेच कुठेतरी नोकरी करायचीस ना गं? आई सांगत होत्या."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "तोयोसूला. काचेचं ऑफिस आहे मोठं. खिडकीतून समुद्र दिसतो. आम्ही बघितलंय ना व्हिडिओवर, मी आणि हे दोघांनी." आणि पुढे म्हणाली, "हिच्यासारख्या सगळ्याच नसतात हो. असतात बिचाऱ्या एकेक."

बिचाऱ्या.

फेरफटका संपल्यावर लोक फोटो काढत होते तेव्हा मी जुईला बाजूला घेतलं. "तुला नको म्हटलं होतं ना मी? अगं, आई होती माझी. समोर उभी होती."

तिचा चेहरा उतरला, खरंच उतरला. "ताई, शपथ सांगते, तोंडातून आपोआप येतं ते. इतक्यांदा सांगितलंय. आणि मला वाटलं, एवढी वर्षं झाली, आता आईंना माहीत असेल."

"पत्ता नाही असं तूच सांगितलंस की त्यांना!"

"ते गोष्टीत तसंच आहे ना ताई." मग म्हणाली, "नाव तर नाही ना घेतलं कुणाचं? आणि खरं सांगू, लोकांना हीच गोष्ट सगळ्यात आवडते. रिव्ह्यूमध्ये सगळे तेच लिहितात."

एक सणसणीत शिवी ओठांवर आली होती, पण आई लांबून बघत होती. मी नमस्कार करून निघाले. नमस्कार! माझ्याच हातांचा मला राग आला.

किन्शिचोहून आमचं घर एक स्टेशन. गाडीत जागा होती, तरी आई उभीच राहिली, दाराशी, माझ्याकडे पाठ करून. गाडी सुटल्यावर तिनं विचारलं, "खिडकी होती का गं तिथे?"

"नाही," मी म्हटलं.

स्टेशन आलं तेव्हा म्हणाली, "तिला सांगितलंस. रस्त्यात भेटलेल्या पोरीला सांगितलंस."

मी म्हटलं, "आई, बाबांचं तसं चाललं होतं, तू एकटी होतीस, कसं सांगणार होते मी?"

"त्यानंतर गं?" आई म्हणाली. "ह्यांना जाऊन किती वर्षं झाली?"

ह्याचं उत्तर होतं, पण ते तिच्या त्या समाधानाचं होतं, आणि ते आता कुठल्या तोंडानं सांगायचं? मी रडले असते तर बरं झालं असतं. ती रडली असती तर त्याहून बरं. आम्ही दोघी जिना उतरलो आणि वाटेत दूध घेतलं.

दोन दिवस आई नीट राहिली. सारंगशी गप्पा मारल्या, साबुदाण्याची खिचडी केली, कचऱ्याचे कुठले डबे कुठल्या दिवशी हेसुद्धा समजून घेतलं. मी मधे मधे विषय काढायला जायची की ती म्हणायची, "मीठ बघ गं जरा." दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीत गेले तर तिनं अंथरूण आवरून चादरीची घडी घातली होती. कोपऱ्याला कोपरा जुळवून, अगदी कडक.

"बघ, बरोबर झालीय का," ती म्हणाली. "तुला कळत असेल."

हे ती रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते. ती साध्या आवाजात म्हणाली. मी घडी हातात घेतली आणि "छान झालीय" म्हटलं.

विमानतळावर तिनं नेहमीसारखा पाठीवरून हात फिरवला. सारंगला म्हणाली, "हिला जप." मला म्हणाली, "घरी कुणाला सांगू नकोस. विश्वजितलाही नको." विश्वजित माझा धाकटा भाऊ. म्हणजे गुपित होतं तसंच राहिलं, फक्त आता ते दोघींनी सांभाळायचं.

पितृपक्ष आला आणि गेला. बाबांच्या तिथीला आईनं पान वाढलं, काय काय केलं ते फोनवर सगळं सांगितलं. अळूची भाजी, खीर, गवारी. मी वाट बघत होते. ते 'ऑफिस बघून गेले'चं वाक्य काही आलं नाही.

रोजचा फोन आहे. पूर्वी व्हिडिओशिवाय तिला चालायचं नाही. केस का असे झालेत, गॅलरीतली तुळस दाखव, मागे तो डबा कसला, सतरा चौकश्या. आता साधा फोन करते. परवा मीच व्हिडिओ लावला तर तिनं कट केला आणि उलट साधा लावला.

मी म्हटलं, "आई, अगं व्हिडिओ लाव की. बघू दे तुला, बघ मला."

"राहू दे गं," आई म्हणाली. "बघून कुठे काय कळतं?"